झाकलेला टीव्ही

रॉकलंड्स वस्तीत टीव्हीच्या परवान्याची सरकारी फी दरवर्षी न चुकता भरणारी बाई एकच, ती म्हणजे मामोसा. हे कुणी विचारलं नाही तरी ती सांगायची, आणि विचारलं तर बसवून घेऊन सांगायची. परवान्याचा कागद तिनं चौकटीत घालून भिंतीला लावला होता. एका अंगाला नवऱ्याचा फोटो, दुसऱ्या अंगाला येशूचा, आणि मधे परवाना. पाहुण्यांनी आधी कुणाकडं बघायचं ते पाहुण्यांनी ठरवावं, पण परवान्याकडं बघितल्याशिवाय चहा मिळत नसे.

आता आमच्या ब्लूमफाँटेन शहरात दुकानात टीव्ही घ्यायला गेलं की दुकानदार आधी परवाना मागतो. तो गल्लीत कुणाकडंच नाही. मग ज्याला टीव्ही हवा तो मामोसाच्या दारात. मामोसा ठेवणीतली हॅट घालायची, ओळखपत्र पिशवीत टाकायची आणि त्याच्याबरोबर दुकानात जायची. टीव्ही तिच्या नावावर निघायचा आणि त्याच्या घरी जायचा. येताना ती टॅक्सीत पुढच्या सीटवर, आणि टीव्हीचा धनी मागं खोकं मांडीवर घेऊन, लेकुरवाळ्या बाईसारखा. याला ती परोपकार म्हणायची. सरकार याला काय म्हणतं ते विचारायला ती कधी गेली नव्हती. शेवटी गेली ती स्वतःच्या पायांनी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

झालं असं, की राजधानीतली साहेबमंडळी आमच्या हॉलमध्ये लोकांचं मत ऐकायला आली. नवा कायदा करायचं चाललं होतं म्हणे. आता लोक टीव्हीसमोर बसतच नाहीत, हवा तो कार्यक्रम हवा तेव्हा फोनवर बघतात, तर परवान्याची फी त्यांनाही लावावी की नाही? साहेबांनी हे इतकं लांबण लावून सांगितलं की निम्मा हॉल फोनवर बघायला लागला.

पहिला उठला मोतौंग. हा मामोसाच्या भावाचा शेजारी, दोन टॅक्सींचा मालक, आणि फुटबॉलच्या मॅची फोनवर बघण्यात ज्याचा जन्म गेला असा माणूस.

"साहेब," तो म्हणाला, "फोन माझा, इंटरनेटचे पैसे माझे. रस्ता माझा, गाडी माझी, आणि तिकीट तुम्ही फाडणार? टीव्ही म्हणजे टीव्ही. तो भिंतीला असतो, घरभर बोलतो. फोन खिशात असतो आणि माझ्या एकट्याच्या कानात बोलतो. फोन म्हणजे फोन."

टाळ्या पडल्या. टाळ्या दुसऱ्याला पडल्या की मामोसाला बसवत नाही. ती उठली.

"मोतौंग, माझी मोसा कुठं झाली ठाऊक आहे ना? तुझ्या बापाच्या टॅक्सीत, पेट्रोल पंपासमोर. म्हणून तिला कुणी पॅसेंजर म्हणतं का? पोर पलंगावर झालं काय नि टॅक्सीत झालं काय, पोर ते पोरच. चित्र भिंतीवर दिसलं काय नि मांडीवर दिसलं काय, बघणं ते बघणंच. फोन म्हणजे टीव्हीच! साहेब, लिहून घ्या. ज्यानं बघितलं त्यानं भरावं. मी भरते."

हॉल हसला, साहेबांनी लिहून घेतलं, आणि तिची लेक मोसा दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली. आपला जन्म गावभर सांगितला गेला की माणूस असंच बसतं.

तिथंच थांबली असती तर बरं. पण गल्लीत सल्ल्यांना ऊत आला. एक म्हणे, आता तपासनीस येणार, फोन पिठाच्या डब्यात ठेवा. दुसरी म्हणे, पोलीस ठाण्यात जाऊन शपथेवर लिहून द्यायचं, माझ्या फोनला चित्र दिसत नाही. तिसरीनं तर नवऱ्याचा फोन फोडूनच टाकला, पण त्याचं कारण वेगळं होतं. या भित्र्या कोंबड्यांना धडा म्हणून मामोसानं ठरवलं, की कायदा होईल तेव्हा होईल, आपण फोनचा परवाना आत्ताच काढायचा.

परवाना कचेरीतल्या पोराला पहिल्यांदा कळेचना.

"आई, फोनला परवाना लागत नाही."

"लागणार आहे."

"अजून लागत नाही."

"लागायला लागला की रांग लागेल. मी आधी आले. घे लिहून."

तो गडबडला. पैसे बुडवणाऱ्यांशी कसं बोलायचं हे त्याला शिकवलेलं होतं, पण आपणहून द्यायला आलेल्या माणसाशी काय बोलायचं याचं शिक्षण नव्हतं. त्यानं आतून मोठ्या बाईंना बोलावलं. असं माणूस बघायला आणखीही दोघं-तिघं उठून आले. मोठ्या बाईंनी फार आदरानं मामोसाचं नाव कॉम्प्युटरात काढलं, आणि बघता बघता त्यांचा चष्मा नाकावरून खाली आला.

"मावशी, तुमच्या नावावर हे एवढे टीव्ही?"

"घरात माणसं पुष्कळ आहेत."

"प्रत्येकाला दोन-दोन?"

"आमच्यात भांडणं नको म्हणून."

"आणि मागच्या महिन्यात एकाच दिवशी तीन?"

"नाताळ जवळ आला होता."

"जून महिन्यात?"

मामोसानं पिशवी छातीशी धरली. "बाई, मी फोनचे पैसे द्यायला आले होते. तुम्हाला घ्यायची अक्कल नाही, आणि उलट मलाच तपासताय? चोर सोडून संन्याशाला सुळी!" असं म्हणून ती जी निघाली ती बसस्टॉपपर्यंत मागं बघितलंच नाही. गल्लीत येऊन तिनं अर्धीच गोष्ट सांगितली. अर्धी गोष्ट फार चांगली होती. ती आपणहून पैसे द्यायला गेली, आणि कचेरीतले सगळे लोक उठून उभे राहिले. यात खोटं काय आहे?

त्यानंतरच्या रविवारी तिचा धाकटा भाऊ मोलेफी वारला.

आमच्यात माणूस गेलं की घर आत्याच्या हातात जातं. माती कधी, पेटी कुठली, बैल कापायचा की मेंढ्या, बिटाची कोशिंबीर कुणी करायची, कुणी रडायचं आणि कुणी आता पुरे करायचं, सगळं आत्या सांगते. मामोसा मोलेफीच्या पोरीची आत्या, म्हणजे उभ्या घराचीच आत्या. तिनं बाह्या सरसावल्या. पुढच्या खोलीतलं सामान काढलं, जमिनीवर गादी टाकून भावजय सेल्वानेला घोंगडी पांघरून तिच्यावर बसवलं. आरसे उलटे केले. टीव्ही भिंतीकडं तोंड करून ठेवला आणि वर पांढरी चादर घातली. मेलेल्याच्या घरात माती होईपर्यंत काचेत कुणी बघत नाही. टीव्हीची वायर तेवढी काढली नाही, कारण विजेच्या त्याच पट्टीवर चहाचा मोठा बंब होता, आणि रोज संध्याकाळी प्रार्थनेला येणारी माणसं देवासाठी येतात असं आपण म्हणतो, पण बंब बंद असला की किती येतात ते बघा.

मोलेफीची एकुलती एक लेक रेफिल्वे, तिकडं आयर्लंडात नर्स आहे. तिचा फोन आला.

"आत्या, माझी कागदपत्रं इथल्या कचेरीत अडकलीत गं. आत्ता निघाले तर परत येता यायचं नाही. खूप हातपाय मारले. नाही जमत."

"नाही जमत तर नाही जमत, पोरी. तू तिथं प्रार्थना कर."

"आत्या, एक ऐकशील? संध्याकाळच्या प्रार्थनेला तुझा फोन नुसता कोपऱ्यात उभा करून ठेव. मी बोलणारसुद्धा नाही. फक्त बघीन. आईला बघीन."

मामोसाचा जीव कालवला, नाही असं नाही. पण खोलीत तेव्हा मोतौंग खुर्च्या लावत होता, आणि त्याचा कान इकडंच होता.

"मयताच्या घरात टीव्ही झाकतात, रेफिल्वे. तुला माहीत आहे."

"टीव्ही नाही गं आत्या, फोन."

"फोन म्हणजे टीव्हीच. मी भर हॉलमध्ये सांगितलंय."

"ते परवान्याचं होतं!"

"सरकारला एक आणि देवाला एक, असं मी बोलत नाही."

 "बरं आत्या," पलीकडून एवढंच. फोन ठेवल्यावर मामोसानं मोतौंगकडं बघितलं. मोतौंगनं खुर्चीकडं बघितलं. आपला शब्द खाली पडला नाही याचं मामोसाला समाधान वाटलं, आणि ते समाधान घशाखाली काही उतरेना. तरी गादीवरची सेल्वाने एक शब्द बोलली नाही. गादीवर बसलेल्या बाईनं बोलायचं नसतं, हाही आत्याचाच नियम.

आता मामोसाचं एक दुखणं सांगायला हवं. 'दोन विहिरींचं घर' नावाची मालिका रोज संध्याकाळी लागते. त्यातली पुलेंग, नवरा खाणीत गाडला गेल्यापासून जिच्या नशिबात एक दिवस सुखाचा नाही, तिचं बुधवारी लग्न होतं. कुणाशी? नवऱ्याच्याच भागीदाराशी, ज्यानं खाणीचे खांब कापून ठेवले होते. हे सगळ्या देशाला माहीत, एकट्या पुलेंगला नाही. मामोसा या पोरीसाठी सख्ख्या लेकीसारखी झुरत होती. आणि नेमकं बुधवारी टीव्हीवर चादर.

"आई," मोसा म्हणाली, "तो भाग कुठं पळून जात नाही. फोनवर राहतो. माती झाल्यावर सावकाश बघ."

"माती झाल्यावर!" मामोसा कुजबुजली. "त्या बिटं सोलणाऱ्या बायका बघितल्यास का? त्या घरी जाऊन बघून येतात आणि इथं बसून सांगतात. शनिवारपर्यंत त्या पुलेंगला बाळंत करतील!"

खरंच तसं होतं. बुधवारी दुपारपासून मागच्या अंगणात, चुलीपाशी, स्कोनच्या, म्हणजे गोडसर पावांच्या, पिठाच्या बादल्यांभोवती एकच चर्चा. लग्न होतं की मोडतं? मामोसा आली की बायका गप्प होऊन मोलेफी किती चांगला होता ते सांगायच्या. ती वळली की परत पुलेंग. दुःखाच्या घरात माणसाला एकटं पाडणं म्हणतात ते हेच, असं मामोसाला वाटलं.

तेव्हा ती विचार करायला लागली. विचार करणं हे माणसाचं पहिलं चुकणं. टीव्ही म्हणजे शेवटी काय? जो भिंतीला असतो आणि घरभर बोलतो तो. हा तर पिशवीत असतो. कानात इयरफोनची बोंडं घातली तर एकट्याच्याच कानात बोलतो. देवानं चादर घालायला सांगितलं ते टीव्हीवर, पिशवीवर कुणी चादर घालतं का? मोतौंगचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं, हे तिला बुधवारी संध्याकाळी पहिल्यांदा दिसलं. माणूस आडमुठा आहे, पण टॅक्सी चालवून चालवून थोडी समज आलीय त्याला.

प्रार्थना सुरू झाली. खोली गच्च भरलेली. दारातही माणसं, खिडकीबाहेरही. पाळक महाराजांची प्रार्थना आदामापासून सुरू होते आणि नगरपालिकेच्या खड्ड्यांपर्यंत येते. मधे माणूस धुणं धुऊन येईल. ते जलप्रलयाला पोचले तेव्हा मामोसा "पीठ फुगलं का बघते" असं पुटपुटत उठली. पिठाच्या बादल्या ओलांडून ती सरळ परसातल्या संडासात गेली आणि आतून कडी घातली. कानात बोंडं घातली. फोन काढला. पुलेंगचं चित्र दिसलं, पांढऱ्या झग्यातलं, बाई गं, काय दिसत होती! मामोसानं चित्रावर बोट टेकवलं.

चित्र गेलं. फोनवर नुसता एक काळा चौकोन आणि खाली बारीक अक्षरं. अक्षरांशी मामोसाचं लहानपणापासून वैर. पत्र असो की फोन, बारीक अक्षरांना ती मान देत नाही. आवाजही येईना. बोंडं बिघडली असणार म्हणून तिनं आवाज वाढवला. नाही. आणखी वाढवला. नाहीच. मग ती ते बटण दाबूनच बसली.

तिकडं पुढच्या खोलीत पाळक महाराज डोळे मिटून म्हणत होते, "प्रभो, आमचा बंधू मोलेफी याला तू नेलंस. आम्हाला एखादी खूण दे..."

आणि चादरीखाली उजेड पडला.

नाताळात आली होती तेव्हा रेफिल्वेनं बापाला हा टीव्ही घेऊन दिला होता, आणि मामोसाचा फोन त्याला जोडूनही दिला होता. दोन्ही मोतौंगच्या छपरावरच्या एकाच वायफायवर. फोनवर बोट टेकलं की टीव्ही आपसूक जागा व्हायचा. मामोसाला हे सांगितलं होतं. मामोसानं मान डोलावली होती. मान ती कशालाही डोलावते.

भिंतीकडं तोंड केलेल्या टीव्हीचा उजेड भिंतीवर पडून चादरीच्या कडेनं पसरला. आधी ऑर्गन वाजला. काही बायकांना वाटलं देवळातला. मग त्या पांढऱ्या चादरीतून एका पुरुषाचा घोगरा आवाज आला:

"थांबा! तुम्ही मला मेलेला समजलात. मी मेलेलो नाही!"

पाळकांनी डोळे उघडले आणि लगेच परत मिटले. दारातली माणसं अंगणात गेली आणि अंगणातली रस्त्यावर. एक बाई चहाच्या बंबाला मिठी मारून किंचाळली, अर्धी भीतीनं आणि अर्धी भाजलं म्हणून. आवाज वाढतच गेला. "पुरलंत मला!" तो गर्जला, "पण मी आलोय! माझी बायको कुठाय?"

आणि गादीवरून सेल्वानेनं घोंगडी फेकली. उभी राहिली. तिच्या तोंडातून एवढंच आलं, "मोलेफी?"

त्यापुढं कपडे धुण्याच्या पावडरीची जाहिरात लागली.

मोतौंगनं चादर ओढली आणि टीव्ही वळवला. कोपऱ्यात ठळक अक्षरात लिहिलेलं होतं, 'मामोसाचा फोन'. वाचता न येणारं त्या खोलीत फारसं कुणी नव्हतं.

संडासाच्या दारावर थापा पडल्या. "आई, बंद कर!" मोसा बाहेरून रडवेल्या आवाजात ओरडली. "तुझं लग्न पुढच्या खोलीत लागलंय!"

मामोसाला कळायला जेवढा वेळ लागला तेवढाच काय तो सुखाचा. मग ती बाहेर आली, आणि अंगणातून त्या खोलीकडं चालत गेली. आयुष्यात किती वेळा ती माणसांच्या गर्दीतून चालली असेल, लाल जाकीट, पांढरी टोपी, देवळात गुरुवारी प्रार्थनेला जमणाऱ्या बायकांची म्होरकी म्हणून. माणसं बाजूला व्हायची. आजही झाली. आज मान वर करवेना एवढाच फरक. कुणी हसलं नाही. हसले असते तर तिनं चार शिव्या दिल्या असत्या आणि मोकळी झाली असती. सगळ्यांनी मान खाली घातली, जशी एखाद्याचा परकर रस्त्यात सुटला की घालतात.

मोतौंग टीव्हीवर परत चादर घालत होता. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, हेच वाईट.

"अक्का, हॉलमध्ये तुमचंच बरोबर होतं. फोन म्हणजे टीव्हीच."

सेल्वाने परत गादीवर बसली होती. घोंगडीच्या आतून ती म्हणाली, "वन्सं, फार मोठा आवाज होता हो." मग जरा थांबून, "माझी रेफिल्वे तर म्हणत होती, बोलणारसुद्धा नाही."

बाईनं बोलायचं नसतं हा नियम त्यावेळी कुणालाच आठवला नाही.

दुसऱ्या दिवशी घर चालत होतं, आणि ते मामोसाला विचारून चालत नव्हतं. कुणी काही तोडून बोललं नाही. उलट सगळे भलते गोड. "आत्या, तुम्ही बसा." "आत्या, थकला असाल." बिटात मीठ किती, हे विचारायला कुणी आलं नाही. मेंढ्या आल्या, कापल्या, आणि तिला नंतर कळलं. गुरुवारच्या बायका आल्या, तिची पुढची खुर्ची तिच्यासाठी रिकामी ठेवली. मामोसा जाऊन मागं, बादल्यांपाशी बसली आणि एकटीच स्कोनची कणीक तिंबत राहिली. शरम ही अशी बला आहे की तिला रांधता येत नाही आणि फेकताही येत नाही. पुलेंगचं पुढं काय झालं ते बायका कुजबुजत होत्या, तिनं कान देऊनही ऐकलं नाही. तिला सारखा एकच आवाज ऐकू यायचा. सेल्वानेचा. "मोलेफी?" हाक नव्हती ती. चुलीवर दूध उतू जाताना माणूस झेप घेतं ना, तशी ती झेप होती. आणि ती झेप आपल्या बोटानं घ्यायला लावली.

शुक्रवारी दुपारी मामोसा फोन घेऊन कुंपणापाशी गेली.

"रेफिल्वे, मी बोलतेय."

"हं, आत्या."

"तुला... मोसानं काही सांगितलं असेल."

"सांगितलं."

"काय काय सांगितलं?"

"सगळं. संडासापासून."

मामोसानं कुंपणाची तार दोन बोटांत घट्ट धरली. जन्मात तिनं आपल्याहून लहान माणसाची माफी मागितली नव्हती. मोठ्यांचीही, खरं सांगायचं तर, टाळलीच होती. शब्द कुठं ठेवलेत तेच सापडेना.

"उद्या माती आहे," ती म्हणाली. "फोन घेऊन जाऊ का? तुझ्यासाठी?"

"राहू दे आत्या. नियम आहे ना."

"नियम माझा होता."

"देवाचा म्हणालीस."

"माझा होता गं! देव काय बोलतोय, मीच बोलत होते. मोतौंग ऐकत होता म्हणून बोलत होते." तिचा आवाज फाटला. "भाऊ माझा होता, पण बाप तुझा आहे. चूक झाली पोरी. मला येऊ देते म्हण. म्हणजे तू येते म्हण. मला बोलता येईना झालंय."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग रेफिल्वे म्हणाली, "तू धरणार असशील तर. दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नकोस."

शनिवारी कबरस्तानात मोसानं फोन लावून आईच्या हातात दिला. कॅमेऱ्याचा मागचा डोळा उघडून दिलाय, काच तुझ्याकडं ठेव, असं सांगितलं, पण तेवढ्यात गाणं सुरू झालं आणि मामोसानं मान डोलावली. तिचा हिशेब साधा होता. काचेत पोर दिसते, म्हणजे पोर काचेतूनच बघत असणार. खिडकीत उभ्या माणसाचं तोंड आपण अंगणाकडंच करतो. म्हणून तिनं काच खड्ड्याकडं केली, दोन्ही हात लांब करून फोन तोंडासमोर धरला, आणि पेटी खाली गेली, पाळक बोलले, पुरुषांनी फावड्यांनी पाळीपाळीनं माती ओढली, शेवटचं गाणं झालं, तोवर तो हलू दिला नाही. मोसा फोन फिरवून द्यायला आली तर तिनं कोपरानं तिला बाजूला सारलं. पलीकडच्या बाजूच्या बायका मधेच गाता गाता त्या काचेकडं बघून हुंदके द्यायला लागल्या, तेव्हा मामोसाला वाटलं त्या मोलेफीसाठी रडतायत. त्यांना काचेत रेफिल्वे दिसत होती, बापाच्या खड्ड्याकडं तोंड करून रडणारी.

परत आल्यावर फाटकात ठेवलेल्या पाण्यात सगळे हात धूत होते. मोतौंग मामोसाच्या शेजारी आला. त्यानं ताट आणलं होतं, तिच्यासाठी. मांस, बीट, स्कोन.

"अक्का," तो म्हणाला, "साहेबमंडळी पुढच्या महिन्यात परत येणारेत म्हणे. मागच्या वेळचं काय लिहून घेतलं ते त्यांचं त्यांनाच लागेना. तुम्ही काय सांगणार? फोन का टीव्ही?"

"तू सांग, मोतौंग. मी मागं बसेन."

"मी?" मोतौंगनं ओले हात विजारीला पुसले. "मलाही आता नक्की सांगता यायचं नाही हो."

दोघं तिथंच उभी राहून स्कोन खात राहिली. मग मामोसाच्या पिशवीत फोन वाजला.

"आत्या, जेवलीस?"

"जेवते. दिसलं ना गं सगळं नीट? मी हात हलू दिला नाही."

"आत्या, फोन उलटा होता."

"उलटा म्हणजे?"

"खड्डा नाही दिसला मला. पेटीही नाही. सगळा वेळ तू दिसत होतीस."

 आपण तिथं काय काय केलं ते मामोसाला एकदम दिसलं. नवऱ्याच्या मातीला रडली नव्हती तशी ती रडली होती, तोंड वेडंवाकडं करून, नाक जाकिटाच्या बाहीला पुसत. आणि फावडी पडत असताना, कुणाला ऐकू जात नाही असं समजून, ती मोलेफीशी बोललीही होती. परवान्याचं, हॉलचं, चादरीचं, पोरीला नाही म्हटल्याचं, सगळं.

"ऐकूही आलं?"

"सगळं."

"मेले मी."

"माझ्या शेजारी इथल्या बायका बसल्या होत्या, वॉर्डातल्या. त्यांना भाषा कळत नाही. तरी त्याही रडल्या."

"गोऱ्या बायकांनीसुद्धा बघितलं?" मामोसानं ताट फाटकाच्या खांबावर ठेवलं. तिला वाटलं, आता या देशातच नाही, त्या देशातही आपल्याला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. "तुला खड्डाही दाखवता आला नाही मला. एवढं एक काम होतं. माफ कर पोरी."

"आत्या, ऐक तर." रेफिल्वे रडत होती की हसत होती ते कळेना. "बाबांचं तोंड मला शेवटचं बघायला मिळालं नव्हतं. आज मिळालं. रडताना तुझी हनुवटी अगदी बाबांसारखी होते."

मामोसानं मोतौंगकडं पाठ केली, आणि हळूच हनुवटीला हात लावून बघितला.